वाचकांचे प्रश्न : मोटर परत परत जळते, रोटर कधी तपासला?

या वेळी मोटरचे प्रश्न बरेच आलेत. वाइंडिंगबद्दल, म्हणजे तांब्याच्या तारेच्या गुंडाळीबद्दल, सगळ्यांनी भरपूर लिहिलंय, कोणी तर बेअरिंगचा नंबरसुद्धा कळवलाय, पण रोटरबद्दल, म्हणजे मोटरच्या आत फिरणाऱ्या भागाबद्दल, एक-दोघं सोडले तर कोणाची ओळ नाही, आणि वाचता वाचता मला मात्र बऱ्याच प्रश्नांत रोटरच दिसत होता. म्हणून या अंकात रोटरवरच बसू.

प्रश्न : काका नमस्कार. मकरपुरा जीआयडीसीत (वडोदऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत) आमचं प्लास्टिक दळायचं छोटं युनिट आहे. ग्राइंडरला २० एचपीची १४७० आरपीएमची मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर (आधी स्टार जोडणीत कमी, मग डेल्टात पूर्ण व्होल्टेज देणारा). होळीच्या आधी मोटर जळली, वाइंडिंग करून आणली, दोन महिन्यांत परत जळली, परत केली. आता जळलेली नाहीये पण लोड आला की दबते, आवाज घूंSS घूंSS असा वरखाली होतो आणि पॅनलवरच्या अँपिअर मीटरची सुई सारखी हलत राहते. वाइंडिंगवाला म्हणतो परत उघडून भरावी लागेल. तिसऱ्यांदा पैसे घालू का?
(एक वाचक, मकरपुरा)

उत्तर : घालू नका. निदान रोटर तपासल्याशिवाय तर अजिबात नको. लोडवर दबणं, आवाज वरखाली होणं आणि सुई हलणं, ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की पहिला संशय रोटरच्या बारवर जायला हवा. वाइंडिंगमध्ये शॉर्ट असता तर तीन फेजचे करंट सारखे दिसले नसते, वास आला असता, ट्रिप झाली असती, पण अशी तालात सुई हलली नसती.

बहुतेकांना रोटर म्हणजे लोखंडाचा भरीव गोळा वाटतो, आणि भरीव लोखंडाला काय होणार असं धरून वाइंडिंगच्या वेळी तो फडक्याने पुसून परत बसवला जातो. तो भरीव नसतो. साधारण अर्ध्या मिलीमीटर जाडीच्या स्टॅम्पिंग (पत्र्याच्या चकत्या) एकावर एक दाबून त्याचा कोर केलेला असतो, त्यांच्या खाचांत अॅल्युमिनियम ओतलेलं असतं, ते झाले बार, आणि दोन्ही टोकांना सगळ्या बारना एकत्र जोडणारी अॅल्युमिनियमचीच रिंग असते, जिच्यावर छोटे छोटे पंखे दिसतात ती. मोठ्या मोटरमध्ये बार तांब्याचे असतात आणि रिंगला ब्रेझिंगने जोडलेले असतात. बाहेरून रोटरला एकही वायर जात नाही, स्टेटरच्या (वाइंडिंग असलेल्या बाहेरच्या स्थिर भागाच्या) फिरत्या चुंबकीय फील्डमुळे करंट आतल्या आतच तयार होतो, आणि मोटरचा सगळा जोर त्या करंटमधूनच येतो. वायर नाही म्हणून बिघाड नाही असं समजू नका, जिथे करंट आहे तिथे गरमी आहे, आणि रोटरचा शत्रू गरमीच.

आता बार तुटतो कधी, तर बहुतेक वेळा चालताना नाही, सुरू होताना. तुमची मोटर फुल लोडला साधारण २७-२८ अँपिअर घेत असेल, डायरेक्ट चालू केली तर त्याच्या सहापट खेचते, आणि गरमी करंटच्या वर्गाने वाढते म्हणजे सहापट करंटला छत्तीसपट गरमी. त्यात रोटर उभा असताना बारमधला करंट ५० हर्ट्झचा असतो, हाच १४७० ला पोचल्यावर फक्त १ हर्ट्झचा उरतो. ५० हर्ट्झला करंट बारच्या वरच्या कडेला गोळा होतो, त्यामुळे बार वरून भयंकर तापतो आणि खालून त्या मानाने थंड राहतो, तापलेला बार लांबीला वाढायला बघतो, वाकायला बघतो, आणि टोकाला रिंग त्याला घट्ट धरून असते. मोटर बंद झाली की सगळं परत आकसतं. एकच तार एकाच जागी वाकवून सरळ, वाकवून सरळ करत राहिलं की शेवटी कट्कन तुटते, बार आणि रिंगच्या जोडापाशी नेमकं हेच होतं, केसाएवढी चीर पडते आणि प्रत्येक स्टार्टला थोडी थोडी पुढे सरकते.

स्टार-डेल्टा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. स्टारमध्ये मोटरचा जोर एक तृतीयांशच मिळतो. हॉपरमध्ये (माल ओतायच्या पेटीत) माल भरलेला असताना तुमचा माणूस बटण दाबत असेल तर मोटर स्टारमध्ये अर्धवट स्पीडला लटकून राहते, तापत राहते, मग टायमर डेल्टाला टाकतो आणि जवळजवळ डायरेक्टइतकाच झटका बसतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान. आणि ग्राइंडरला फ्लायव्हील आहे हेही धरा. रिकामं मशीन जरी फुल स्पीडला आणलं तरी फिरणाऱ्या वजनात जितकी ऊर्जा साठते तितकीच ऊर्जा रोटरच्या बारमध्ये गरमी होऊन जाते, स्टार-डेल्टाने ती वाचत नाही, फक्त जास्त वेळात वाटली जाते.

त्याहून वाईट म्हणजे जाम. प्लास्टिकच्या ग्राइंडरला जाम होणं काही नवीन नाही. ब्लेड अडकली, मोटर उभी राहिली, ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा) ट्रिप झाला, माणसाने माल ओढून काढला, रिसेट दाबला, परत स्टार्ट, परत ट्रिप, परत रिसेट. रिले फक्त स्टेटरचा करंट बघतो, रोटर किती तापलाय हे त्याला कळायला काही मार्गच नाही, आणि रिलेची पट्टी दोन-चार मिनिटांत थंड होते तितक्यात रोटर थंड होत नाही. मोठ्या मोटरसाठी जो नियम पाळतात तो असा की थंड मोटरला लागोपाठ दोन स्टार्ट, गरम मोटरला एकच, त्यानंतर थांबायचं. छोटी मोटर याहून जास्त सोसते पण ग्राइंडरसारख्या जड मशीनला मी हाच नियम लावीन.

एक बार तुटला की थांबत नाही. त्याच्या वाटचा करंट शेजारच्या दोन बारवर जातो, ते जास्त तापतात, मग ते तुटतात, म्हणून तुटलेले बार सहसा एकाला लागून एक सापडतात. तुटलेल्या जागी ठिणग्या पडून कोर करपतो, टॉर्क (फिरवायचा जोर) कमी होतो, तोच माल दळायला मोटर जास्त करंट घेते, आणि तापलेल्या रोटरची गरमी बारीकशा एअर गॅपमधून (रोटर आणि स्टेटरमधल्या फटीतून) थेट स्टेटरवर जाते. एफ क्लासचं इन्सुलेशन १५५ अंशांपर्यंतचं असतं, रोटर त्याच्या कितीतरी वर जाऊ शकतो, अॅल्युमिनियम वितळतंच मुळी ६६० ला. मग वाइंडिंग जळतं, आणि दोष तारेला जातो. तुमच्याकडे दोनदा हेच झालं असावं असा माझा दाट संशय आहे.

तपासायचं कसं ते सांगतो. पहिलं काम अगदी फुकटचं, सुईकडे बघत उभं राहणं. माल कमीजास्त झाल्याने सुई हलत असेल तर ती कशीही, बेताल हलेल. बार तुटला असेल तर ठरावीक तालात हलते, आणि तो ताल स्लिपच्या, म्हणजे फिरत्या फील्डपेक्षा रोटर जितका मागे पडतो त्याच्या, दुपटीचा असतो. तुमची १५०० च्या जागी १४७० ला चालते म्हणजे स्लिप २ टक्के, ५० हर्ट्झचे २ टक्के १, त्याची दुप्पट म्हणजे सेकंदाला दोनदा, लोड निम्मा केला की ताल जवळजवळ निम्म्याने हळू व्हायला हवा. तसा होत असेल तर संशय अजून पक्का. पट्टा सरकत असेल किंवा मशीनच दणका मारत असेल तर तेही तालात असतं, पण तो ताल लोड कमी केल्याने असा बदलत नाही.

दुसरी तपासणी वाइंडिंगवाल्याकडेच होते, मोटर उघडावी पण लागत नाही. पट्टा काढायचा, तीनपैकी दोनच टर्मिनलला व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमीजास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) कमी व्होल्टेज द्यायचं, मूळ व्होल्टेजच्या दहा ते पंचवीस टक्के, करंट फुल लोडच्या वर जाऊ द्यायचा नाही. एका फेजवर मोटर आपणहून फिरत नाही, ती हाताने हळूहळू एक फेरा फिरवायची आणि अँपिअर बघत राहायचं. चांगल्या रोटरला आकडा जवळजवळ तसाच राहतो. तीन टक्क्यांहून जास्त वरखाली झाला तर रोटरमध्ये काहीतरी आहे. हे पटकन उरकायचं, एका फेजवर मोटर लवकर तापते.

मग रोटर बाहेर काढून उजेडात धरा. दोन्ही रिंगच्या आतल्या कडेला, जिथे बार कोरमधून बाहेर पडतो तिथे, नखाने चाचपत जा. कोरवर निळसर पट्टा दिसतोय का बघा, स्टील निळं पडतं ते साधारण ३०० अंशांच्या आसपास. अॅल्युमिनियमचे बारीक मणी खाचेतून बाहेर आलेत का तेही बघा, आले असतील तर आणखी टेस्टची गरजच नाही. काही वेळा बाहेरून काहीच दिसत नाही कारण दोष आत असतो, ओतताना अॅल्युमिनियममध्ये हवेची पोकळी राहून गेलेली असते, तिथे बारची जाडी कमी पडते आणि वर्षा-दोन वर्षांनी तिथेच तुटतो. अशा वेळी ग्राउलर (एसीवर चालणारा तपासणीचा चुंबक) कामाला येतो, रोटर ग्राउलरवर ठेवून हॅक्सॉ ब्लेड एकेका खाचेवर धरत जायची, चांगल्या बारवर ब्लेड जोरात थरथरते, तुटलेल्यावर गप्प राहते. रोटरच्या खाचा वरून बंद असतील तर मात्र ग्राउलर नीट कळू देत नाही, तेव्हा दोन टर्मिनलवाली टेस्टच खरी.

रोटर खराब निघाला तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. अॅल्युमिनियम वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील, पण वरची चीर भरली तरी खाचेच्या आतला बार कसा जोडणार, आणि एका बाजूला जास्त माल पडला तर बॅलन्स जातो तो वेगळाच. तांब्याच्या बारचा मोठा रोटर असेल तर नवे बार टाकून ब्रेझिंग करून घेणं परवडतं. तुमच्या २० एचपीला कंपनीकडून रोटर मिळाला तर ठीक, नाहीतर नवी मोटर, त्या जुन्या स्टेटरमध्ये आणखी तांबं भरू नका. आणि नवी लावली तर त्याच दिवशी माणसांना सांगून ठेवा की हॉपर रिकामा असल्याशिवाय स्टार्ट नाही, आणि एकदा जाम काढल्यावर दुसऱ्यांदा ट्रिप झाली तर रिसेटला हात लावायचा नाही, आधी तुम्हाला बोलवायचं.

प्रश्न : आमच्या घरघंटीची मोटर नुसती गूं गूं करते, फिरत नाही. हाताने झटका दिला की चालू होते. मिस्त्री म्हणतो रोटर गेला, नवी मोटर घ्या. खरंच जातो का हो रोटर?
(एक गृहिणी, कारेलीबाग)

उत्तर : ताई, हाताने झटका दिल्यावर चालतेय आणि दळतेय म्हणजे रोटर ठीक असण्याचीच शक्यता जास्त. ही सिंगल फेज मोटर, तिला सुरुवातीचा जोर कपॅसिटर देतो, तो निकामी झाला की अगदी असंच होतं. आधी कपॅसिटर बदला, किरकोळ खर्चाचं काम आहे, तरी नाही चाललं तर स्टार्टिंग वाइंडिंग आणि त्याचा स्विच बघायला सांगा. फक्त एक करा, ती गूं गूं करत उभी असेल तेव्हा लगेच स्विच बंद करा, कारण उभ्या मोटरमध्ये रोटर आणि वाइंडिंग दोन्ही भाजतात. आणि तो हाताचा झटका कृपा करून देऊ नका, पट्ट्यात बोट जायला वेळ लागत नाही.

प्रश्न : पादऱ्याजवळ आमचं शेत आहे, बोअरमध्ये १० एचपीची सबमर्सिबल. मोटर वर काढली तर रोटर एका बाजूने काळा पडलेला आणि स्टेटरच्या आतून गोल घासलेलं. लाइट येते तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांच्या मोटरी ऑटोवर (आपोआप चालू करणाऱ्या स्टार्टरवर) एकदम सुरू होतात. व्होल्टेज मोजलं तर ४२०, ४१० आणि ३८५ असं तीन बाजूंना वेगवेगळं आलं. भावाने मधे काही दिवस दोन फेजवर कंडेन्सर (कपॅसिटर) लावूनपण चालवली. कारण नक्की कुठलं धरायचं?
(एक शेतकरी वाचक, तालुका पादरा)

उत्तर : दादा, तुम्ही फार छान निरीक्षण करून लिहिलंय, घासल्याची खूणच अर्धं उत्तर देते. रोटर चारी बाजूंनी घासलेला आणि स्टेटर एकाच जागी घासलेला असता तर म्हटलं असतं बेअरिंग किंवा बुश झिजलंय, रोटर एका बाजूला झुकलाय. तुमच्याकडे उलट आहे, रोटर एकाच बाजूने आणि स्टेटर गोल सगळीकडे, म्हणजे रोटरची तीच बाजू फिरत फिरत सगळीकडे लागतेय. शाफ्ट वाकलेला आहे, किंवा रोटर एका बाजूने जास्त तापून धनुष्यासारखा वाकला. व्ही ब्लॉकवर किंवा लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून डायल (वाकणं मोजायचा गेज) लावा, लगेच कळेल. बुश आणि थ्रस्ट प्लेट तरीही बघून घ्या, बोअरमधून वाळू येत असेल तर त्यांचं आयुष्य कमीच असतं.

आता रोटर का तापला ते. तुमच्या तीन आकड्यांची सरासरी ४०५, सगळ्यात लांबचा आकडा ३८५, फरक २०, म्हणजे जवळपास ५ टक्के असमतोल. ऐकायला कमी वाटतो पण ठोकताळा असा आहे की टक्क्यांचा वर्ग करून दुप्पट करा, तितके टक्के तापमानवाढ जास्त होते. पाचाचा वर्ग पंचवीस, दुप्पट पन्नास. म्हणजे ज्या मोटरचं तापमान पाण्याहून ५० अंशांनी वाढायचं ते ७५ ने वाढणार. आणि ५ टक्क्यांच्या वर तर मोटर चालवूच नये असं धरतात. असमतोल असला की स्टेटरमध्ये मुख्य फील्डबरोबर उलट्या दिशेने फिरणारं एक छोटं फील्ड तयार होतं, सुलट्या धावणाऱ्या रोटरला ते जवळजवळ १०० हर्ट्झचं लागतं, आणि १०० हर्ट्झचा करंट बारच्या अगदी वरच्या थरातून वाहतो. उपयोगाचा जोर शून्य, नुसती भाजणी. दोन फेजवर कंडेन्सर लावून चालवणं म्हणजे हाच प्रकार कितीतरी मोठ्या प्रमाणात, कारण कंडेन्सर तिसरा फेज खरा तयार करत नाही, कसाबसा उभा करतो, तोही एका ठरावीक लोडपुरताच. पाणी येतं म्हणून लोक करतात, पिकाची घाई असते ते मला कळतं, पण रोटरला तो सगळ्यात महाग पडणारा उपाय आहे.

तिसरं तुमचं ते सगळ्यांचं एकदम सुरू होणं. गुजरातमध्ये ज्योतिग्राम योजनेनंतर, म्हणजे २००३ नंतर, शेतीचे फीडर वेगळे झाले आणि वीज ठरावीक तासांनी येते, त्यामुळे प्रत्येकाचा ऑटो चालूच. लाइट आली की त्या लाइनवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सहापट करंट मागतात, व्होल्टेज खाली बसतं, आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. ४१५ च्या जागी ३५० मिळाले तर जोर ७१ टक्क्यांवर येतो. मोटर रांगत रांगत वर चढते आणि चढेपर्यंत भाजत राहते. यावर उपाय एकदम सोपा आहे, ऑटोला टाइम डिले लावा आणि शेजाऱ्यांशी बसून वाटून घ्या, कोणाचा दोन मिनिटांचा, कोणाचा चारचा, कोणाचा सहाचा. सगळ्यांच्याच मोटरींचं भलं होईल. सिंगल फेज प्रिव्हेंटर असा घ्या जो नुसता फेज गेल्यावर नाही तर असमतोलावरही ट्रिप करतो. आणि असमतोल कुठून येतोय ते बघा, बऱ्याचदा आपल्याच मेन स्विचमधला जळका कॉन्टॅक्ट किंवा केबलचा सैल जोड असतो. मीटरपाशी आणि स्टार्टरच्या खाली, दोन्हीकडे मोटर चालू असताना मोजा, मीटरपाशी ठीक आणि खाली बिघडलेलं निघालं तर दोष तुमच्या हद्दीतला.

प्रश्न : गोरव्यात माझं लेथचं वर्कशॉप आहे. एका गिऱ्हाइकाची मोटर घासत होती म्हणून वाइंडिंगवाल्याने माझ्याकडे रोटर पाठवला, मी वरून हलका कट मारून दिला. घासणं बंद झालं पण आता रिकामी चालवली तरी करंट आधीपेक्षा जास्त घेते असं म्हणतायत. माझ्या कामाचा दोष आहे का?
(एक वर्कशॉपवाले, गोरवा)

उत्तर : तुम्ही सांगितलं ते काम केलंत, पण हे काम करायलाच नको होतं आणि हे तुम्हाला पाठवणाऱ्याला कळायला हवं होतं. अशा मोटरमध्ये रोटर आणि स्टेटरमधली फट ०.३ ते ०.५ मिलीमीटर असते. फील्डला ती फट ओलांडून जायचं असतं आणि फट जितकी मोठी तितका जास्त करंट नुसतं फील्ड उभं करायलाच लागतो. व्यासावर ०.४ चा कट घेतला तर प्रत्येक बाजूला फट ०.२ ने वाढली, म्हणजे ०.४ ची ०.६ झाली, दीडपट. रिकामा करंट वाढणारच, पॉवर फॅक्टर पडणारच, आणि तो करंट स्टेटरच्या तारांतून चोवीस तास वाहणार.

दुसरं नुकसान डोळ्याला चकचकीत दिसतं म्हणून कोणी त्याला नुकसान म्हणत नाही. टूल बोथट असलं की स्टॅम्पिंगच्या कडा एकमेकींवर फासल्या जातात. त्या वेगळ्या राहाव्यात म्हणूनच तर कोर पातळ पत्र्यांचा करतात, फासल्या गेल्या की पृष्ठभागावर करंटचे भोवरे फिरतात आणि रोटर वरून तापतो. ज्या रोटरच्या खाचा वरून बंद असतात त्यांचा वरचा लोखंडाचा पापुद्रा कटमध्ये निघून गेला तर मोटरचा स्टार्टिंग करंट, आवाज सगळंच बदलतं.

पुढच्या वेळी असा रोटर आला की आधी तो दोन सेंटरमध्ये धरून रनआउट (फिरताना किती डुलतो ते) बघा आणि बेअरिंगच्या सीटचं माप घ्या, कव्हरच्या हाउसिंगचं पण मागवा. घासण्याचं कारण यापैकीच कुठेतरी सापडेल, सीट भरून घेणं नाहीतर हाउसिंगला बुश टाकणं हे तुमचं खरं काम आहे आणि त्याचे पैसेही जास्त मिळतील. फासलेलं साफ करायलाच लागलं तर अगदी धारदार टूल आणि घेता येईल तितका कमी कट, झालं. आणि हो, शाफ्ट धरून कोर हाताने पिळून बघत जा, काही रोटरमध्ये कोर शाफ्टवर सैल झालेला असतो, स्टार्टला ठक्क असा आवाज येतो आणि लोक बेअरिंग बदलत बसतात.

प्रश्न : काका, मी कलाभवनला इलेक्ट्रिकलला आहे. दोन शंका आहेत. रोटरच्या बारना इन्सुलेशन नसतं तरी करंट लोखंडातून का जात नाही? आणि करंटच्या स्पेक्ट्रमवरून तुटलेला बार ओळखतात ते कसं?
(एक विद्यार्थी, वडोदरा)

उत्तर : शाब्बास, चांगल्या शंका आहेत. तू जिथे शिकतोस ते कलाभवन सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलं, आणि बार आणि रिंगच्या पिंजऱ्याचा हा रोटर डोलिवो-डोब्रोवोल्स्की या इंजिनिअरने त्याच्या एकच वर्ष आधी, १८८९ मध्ये बनवला, म्हणजे दोघं जवळजवळ एकाच वयाचे. रोटर तेव्हापासून मूळ कल्पनेत तसाच आहे.

बारमध्ये तयार होणारं व्होल्टेज खूपच कमी असतं, बारचा रेझिस्टन्स लोखंडापेक्षा कितीतरी कमी, आणि अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप असतो, म्हणून करंट बारचा सोपा रस्ता सोडत नाही. पण थोडासा जातोच, आणि बार तुटला की जास्त जातो, तुटलेल्या बारचा करंट लोखंडातून शेजारच्या बारकडे जायला लागतो आणि तिथलं लोखंड करपतं. बाहेर काढलेल्या रोटरवर दोन खाचांमधे काळा डाग दिसला तर त्याचं कारण हेच.

आता स्पेक्ट्रम, म्हणजे करंटमध्ये कुठल्या फ्रिक्वेन्सी किती आहेत ते रेघांनी दाखवणारा आलेख. सगळे बार धड असतील तर रोटरचं फील्ड एकाच दिशेने फिरतं. एक तुटला की समतोल जातो आणि रोटरमध्ये उलटं फिरणारं फील्डपण तयार होतं, स्लिप फ्रिक्वेन्सीने. ते स्टेटरमधून बघितलं तर ५० × (१ − २ × स्लिप) इतक्या फ्रिक्वेन्सीचं दिसतं. स्लिप २ टक्के असेल तर ४८ हर्ट्झ. त्यामुळे टॉर्क आणि स्पीड थोडे डुलतात आणि त्या डुलण्यातून दुसरी रेघ ५२ ला येते. पहिल्या प्रश्नातली सेकंदाला दोनदा हलणारी सुई म्हणजे याच दोन रेघांचा परिणाम. तपासणी लोडवरच करायची, रिकाम्या मोटरमध्ये स्लिप इतकी कमी असते की रेघा ५० च्या मोठ्या रेघेत लपून जातात आणि बारमध्ये करंटही नसतो. आपल्या मकरपुऱ्यात एर्डा आहे, १९७४ पासून वीज उपकरणांच्या टेस्टिंगचं आणि संशोधनाचं काम तिथे चालतं, कॉलेजमार्फत भेट जमली तर अवश्य जा. आणि तोवर लॅबमध्ये एखादा भंगारातला रोटर मिळवून त्याच्या एका बारला ड्रिलने भोक पाड, आधी आणि नंतर दोन टर्मिनलवाली टेस्ट कर, पुस्तकातलं पान डोळ्यासमोर उभं राहील.

प्रश्न : मंजुसरला आमच्या कंपनीत ब्लोअरच्या ३० एचपी मोटरला व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह) लावला. तेव्हापासून बेअरिंग टिकत नाही, वर्षात दोनदा गेलं, दुसऱ्यांदा रोटर थोडा घासलासुद्धा. मेंटेनन्सवाले म्हणतात ड्राइव्हमुळे रोटर खराब होतो, ड्राइव्ह काढून परत स्टार-डेल्टा लावू. बरोबर आहे का?
(एक सुपरवायझर, मंजुसर)

उत्तर : ड्राइव्ह काढू नका. बारच्या दृष्टीने ड्राइव्हसारखी सौम्य सुरुवात दुसरी नाही, तो कमी फ्रिक्वेन्सीपासून हळूहळू चढवतो त्यामुळे स्लिप कायम थोडीच राहते आणि स्टार्टची ती भयंकर गरमी होतच नाही. ब्लोअरसारख्या जड पंख्याला तर तो हवाच.

तुमचा त्रास वेगळा आहे. ड्राइव्हच्या स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज चढतं आणि ते बेअरिंगच्या गोळ्यांमधून ग्रीसचा थर फोडून जमिनीकडे उतरतं. काढलेलं बेअरिंग फेकलं नसेल तर कापून त्याची बाहेरची रिंग बघा, ट्रॅकवर कपडे धुवायच्या जुन्या पत्र्याच्या फळीवर असतात तशा ओळीने आडव्या रेघा दिसल्या तर कारण पक्कं. मग न चालणाऱ्या (पुली नसलेल्या) बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग आणि चालणाऱ्या (पुलीच्या) बाजूला शाफ्ट ग्राउंडिंगचा ब्रश बसवा, ड्राइव्हपासून मोटरपर्यंत शील्डवाली केबल ओढा आणि तिचं अर्थिंग दोन्ही टोकांना नीट करा. रेघा दिसल्या नाहीत तर पट्ट्याचा ताण तपासा, नवीन पट्टा टाकताना घट्ट ओढून बसवायची सवय असते, त्याने चालणाऱ्या बाजूचं बेअरिंग तर जातंच, शाफ्ट पण की-वेच्या (चावीच्या खाचेच्या) कोपऱ्यातून चिरायला लागतो. रोटर जिथे घासलाय तिथे फक्त बारीक पॉलिश पेपरने उभे काटे काढा, लेथवर पाठवू नका, आणि बसवायच्या आधी त्याचा बॅलन्स करून घ्या. मोटर २० हर्ट्झच्या खाली बराच वेळ चालत असेल तर तेही कळवा, कारण तेव्हा मोटरचा स्वतःचा पंखा पुरेशी हवा देत नाही आणि वेगळा ब्लोअर लावायचा का ते तुमचा लोड बघून सांगता येईल.